बापू कुटी, सेवाग्राम : मातीच्या घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आश्रम आहे. तिथे येणारे बहुतेक लोक गांधीजींसाठी येतात, आणि ते योग्यच आहे. पण ज्या घरात ते राहिले त्या घराबद्दलचे प्रश्न घाईत अर्धेमुर्धे राहून जातात. खालची उत्तरं त्या घराबद्दल आहेत: ते कुणी बांधलं, कशाचं बांधलं आणि आजपर्यंत उभं कसं राहिलं.

आश्रमात तर बऱ्याच कुट्या आहेत. बापू कुटी नेमकी कोणती?

आवारात शिरल्यावर सगळी घरं सारखीच दिसतात, म्हणून गोंधळ होतो. गांधीजी इथे तीन घरांत राहिले. पहिलं आदी निवास, १९३६ सालचं. दुसरी बापू कुटी, जिथून त्यांनी सर्वांत जास्त काम केलं. तिसरा आखरी निवास, जिथून ते २५ ऑगस्ट १९४६ रोजी निघाले आणि पुन्हा सेवाग्रामला येऊ शकले नाहीत. या तिघांच्या आसपास कस्तुरबांची बा कुटी, गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाईंची कुटी, सहकारी किशोरलाल मश्रूवालांचा किशोर निवास, परचुरे कुटी आणि पाहुण्यांसाठीचं रुस्तम भवन आहे. बापू कुटी ओळखायची तर पुढची ठेंगणी ओसरी आणि खूप खाली उतरलेली वळचण पाहा.

गांधीजी गुजरात सोडून विदर्भातल्या खेड्यात का आले?

१२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रेला निघताना, स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं. स्वराज्य लगेच मिळालं नाही. १९३३ मध्ये साबरमतीचा आश्रम त्यांनी मोडला आणि पुढे कुठे राहायचं हा प्रश्न उभा राहिला. जमनालाल बजाज वर्ध्याचे. त्यांनी कितीतरी वर्षं आग्रह धरला होता. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्येच अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी खुलं करणारा हा माणूस होता, तेव्हा तो आग्रह नुसत्या पाहुणचाराचा नव्हता.

आधी गांधीजी वर्धा शहरातल्या मगनवाडीत राहिले. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथून चाललं. पण खेड्यांसाठी काम करायचं आणि राहायचं शहरात, ही विसंगती त्यांना खुपत होती. गांधीजींच्या इंग्रज शिष्या मीराबहन त्याआधीच शेगाव नावाच्या जवळच्या खेड्यात राहून सफाईचं काम करत होत्या. बजाज त्या गावचे मालगुजार, म्हणजे जमीनदार. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथे पोहोचले. आमच्याकडे एप्रिलअखेरचं ऊन काय असतं हे वैदर्भीयाला सांगायला नको.

त्यांना इथे आश्रम थाटायचाच नव्हता. एकट्यानं राहायचं, गावाची सेवा करायची, एवढाच विचार होता. माणसं मागोमाग येत गेली आणि आश्रम झाला. घरं एकेक करून, गरज पडेल तशी उभी राहिली. म्हणूनच या आवाराला कुणी आधी काढलेला आराखडा नाही आणि आखीव रस्तेही नाहीत. झाडं, विहीर आणि पायवाटा सांभाळून घरं बसवली आहेत, अगदी आपल्या गावठाणात बसतात तशी.

शेगावचं सेवाग्राम कधी झालं?

१९४० मध्ये. बुलढाणा जिल्ह्यातलं गजानन महाराजांचं शेगाव आधीपासून प्रसिद्ध, शिवाय रेल्वेच्या मुख्य मार्गावर. गांधीजींची टपाल तिकडे जाऊन पडायची. म्हणून गावाचं नाव बदललं.

बापू कुटी मुळात मीराबहनची होती हे खरं आहे का?

खरं आहे. आदी निवास हे एकच मोठं दालन होतं. त्यात गांधीजी, कस्तुरबा, सचिव प्यारेलाल, काही काळ खान अब्दुल गफार खान आणि येणारेजाणारे पाहुणे असे सगळे राहत. प्रत्येकाच्या वाट्याला एक कोपरा. गर्दी वाढली तसं लिहिणं-वाचणं अवघड झालं. मीराबहननी थोड्या अंतरावर स्वतःसाठी आणि गावकऱ्यांना पिंजण-कताई शिकवण्यासाठी एक लहान घर बांधलं होतं. पुढे गांधीजी तिथे राहायला गेले, घर थोडं वाढवलं गेलं आणि त्याला बापू कुटी म्हणू लागले.

हे मी मुद्दाम विस्तारानं सांगतो, कारण या घराची रचना, त्याची मापं, त्यातली कलाकुसर यांचं श्रेय बहुतेक वेळा गांधीजींच्या नावावर जमा होतं. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड १९२५ मध्ये भारतात आली, मीराबहन झाली आणि वर्ध्याच्या मातीत घर बांधायला शिकली. तिला शिकवणारे गावातले हात होते: माती तुडवणारे, कूड (बांबूची विणलेली भिंत) विणणारे, कवेलू (कौलं) चढवणारे. त्यांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत.

घर कशाचं बांधलेलं आहे?

माती, बांबू, लाकूड, दगड आणि कवेलू. गावात आणि आसपास मिळेल तेच सामान वापरायचं, कारागीरही तिथलेच घ्यायचे आणि खर्च हात आखडून करायचा, ही गांधीजींची अट होती. वास्तुरचनाकार लॉरी बेकर १९४० च्या दशकात मुंबईत गांधीजींना भेटले होते. आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, हा त्या भेटीतला विचार पुढे केरळात आयुष्यभर आपल्याला पुरला, असं बेकर सांगत. त्या पाच मैलांत काय काय येतं हे इथे डोळ्यांनी दिसतं.

आता एकेक अंग पाहू. वर्ध्याकडची घर बांधायची पद्धत साधारण अशी आहे आणि कुटी त्याच पद्धतीतली आहे.

खाली दगड-मातीचं जोतं. त्यावर लाकडी खांब. छपराचं वजन या खांबांवर येतं, भिंतीवर जवळजवळ येत नाही. हे ध्यानात घेतलं की बाकीचं घर समजतं. भिंत फक्त आडोसा करते, त्यामुळे ती हलकी असली तरी चालते आणि खराब झाली तर छप्पर न उतरवता तेवढीच काढून नवी करता येते.

भिंती दोन प्रकारच्या असतात. एक भरीव मातीची, थरावर थर देऊन उचललेली. एक थर वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, घाई केली की भिंत फुगते. दुसरी कुडाची. बांबूच्या कमच्या, म्हणजे चिरलेल्या पट्ट्या, उभ्या-आडव्या विणायच्या, गरिबाच्या घरी कमच्यांऐवजी तुराट्या किंवा पऱ्हाट्या, आणि दोन्ही अंगांनी माती छाबायची. ज्या जिल्ह्यात कापूस आणि तूर शेतभर उभी असते तिथे भिंतीचा सांगाडा दरवर्षी शेतातच उगवतो.

मातीत कुटार (पिकाचा भुसा) किंवा तणस (भाताचा पेंढा) आणि शेण मिसळतात. कुटारामुळे मातीला तडे कमी जातात, शेणामुळे ती चिकट आणि थोडी पाणी सोसणारी होते. हा लगदा पायांनी तुडवून काही दिवस मुरत ठेवायचा. तुडवणी नीट झाली की नाही हे जुने लोक वासावरून सांगत.

वर बल्ल्या, फाटे, त्यांवर बांबू किंवा तट्टे आणि सर्वांत वर गावठी कवेलू. ही अर्धगोल कवेलं कुंभार चाकावर नळ्यासारखी ओढतो, उभी चिरून दोन करतो आणि भट्टीत भाजतो. इंग्रजी कवेलू, म्हणजे साच्यातलं चपटं मंगळुरी कवेलू, वेगळं. त्याला खाच असते, एकात एक अडकतं. गावठी कवेलू कशात अडकत नाही, केवळ वजनावर आणि उतारावर बसून राहतं.

काळ्या मातीच्या प्रदेशात मातीचं घर टिकतं कसं? ती माती तर फुगते.

फार चांगला प्रश्न. कापसाची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर थेट घर बांधलं तर भिंती तडकतात, आणि निव्वळ तिच्या भिंती उभारल्या तर वाळताना फुटतात. म्हणून जुनी गावठाणं शक्यतो उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढरीच्या जागेवर वसलेली दिसतात. जोत्यात दगड-मुरूम भरून घर जमिनीपासून उचलतात. भिंतीसाठी पांढरी माती किंवा मुरमाची माती मिसळून काळीचा चिवटपणा तेवढा घेतात.

दुसरी गोष्ट लवचीकतेची. लाकडी खांब, बांबूचा कूड, सुटी कवेलं यांपैकी काहीच एकमेकांशी ताठ जोडलेलं नाही. जमीन थोडी हलली तर घर तेवढं सरकून घेतं. भेग पडली तर दुसऱ्या दिवशी मूठभर मातीनं बुजते. शेजारच्या सिमेंटच्या घराला तीच भेग पडली की ती पुढे वाढतच जाते.

छप्पर इतकं खाली का आहे? वाकून जावं लागतं.

उन्हासाठी आणि पावसासाठी. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो. पावसाळ्यात साधारण १,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही वाऱ्यासकट, तिरका. मातीच्या भिंतीचे हे दोन शत्रू. वळचण खाली आणली की दुपारचं ऊन भिंतीला लागत नाही आणि तिरकी सरही भिंतीपासून दूर पडते. ओसरी चारी बाजूंनी असेल तर आतल्या खोलीभोवती सावलीचा पट्टा तयार होतो.

कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते, जाड मातीची भिंत दिवसाचं ऊन आत यायला उशीर लावते आणि सारवलेली जमीन पायाला गार लागते. उन्हाळ्यात दुपारी दोनला आवारातून कुटीत पाऊल टाकून पाहा. ज्यांच्या डोक्यावर घरी टिनाचं छप्पर किंवा उघडा स्लॅब आहे त्यांना यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही. तरी एक सांगायला हवं: स्वतः गांधीजी जमेल तेव्हा उघड्यावर, आकाशाखाली झोपत. वर्ध्याकडे उन्हाळ्यात सगळेच अंगणात बाज टाकतात. घर दिवसासाठी, अंगण रात्रीसाठी.

आत काय पाहावं?

मुख्य खोलीत गांधीजींची बैठक: जमिनीवर चटई, पाठीला टेकण, समोर ठेंगणं मेज. आसपास मोजक्या वस्तू आहेत, त्यांत तीन माकडांची छोटी मूर्ती. बाजूला आजारी माणसाला किंवा पाहुण्याला ठेवण्याची जागा, आणि मागे न्हाणीघर व शौचालय. या शेवटच्या भागाकडे लोक डोकावून पुढे जातात. मला तो घरातला फार महत्त्वाचा भाग वाटतो. खेड्यात शौचाला उघड्यावर जाणं हेच सर्वमान्य असताना, राहत्या घराला लागून, स्वच्छ, रोज घरच्याच माणसांनी साफ करायचं शौचालय या कुटीत आहे. गावात मीराबहनचं आणि गांधीजींचं काम सफाईपासूनच सुरू झालं होतं, ते घराच्या नकाशातही उतरलं.

खुर्च्या-टेबलं नाहीत, त्यामुळे खोलीचं सगळं माप बसलेल्या माणसाचं आहे. उभं राहून पाहिलं तर खोली लहान आणि खिडक्या विचित्र खाली वाटतात. बसलं की खिडकी बरोबर डोळ्यासमोर येते, वारा अंगावर येतो आणि बाहेरचं झाड दिसतं. जिथे बसायला परवानगी आहे तिथे दोन मिनिटं मांडी घालून बसाच.

भिंतीवरची चित्रं कुणी काढली?

मीराबहननी. ती रंगवलेली नाहीत, ओल्या मातीतच उठाव देऊन केली आहेत: ताडासारखी झाडं, मोर, ॐ. आमच्याकडे बाया सारवताना बोटांनी नक्षी काढतात, चुलीच्या मागे, देवळीच्या भोवती, दाराच्या चौकटीशी मातीच्या वेली उठवतात. मीराबहनच्या कामात ते वळण स्पष्ट दिसतं. रंग असता तर उडाला असता. मातीतला उठाव भिंतीबरोबर जगतो, आणि सारवणाऱ्या हाताला तेवढा भाग जपून सारवावा लागतो.

साप-विंचू येत नसत का?

येत. शेतं लागूनच होती. साप मारायचा नाही हा आश्रमाचा नियम, म्हणून त्याला धरण्यासाठी लाकडी चिमटा आणि ठेवण्यासाठी पिंजरा केला होता. पकडून लांब जंगलात सोडत. ही साधनं आजही पाहायला मिळतात. सापापेक्षा डासांनी जास्त छळलं असं म्हणायला हवं. १९३६ च्याच पावसाळ्यात गांधीजींना मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं.

एवढ्या साध्या कुटीत टेलिफोन कसा?

तो व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात बसवला गेला, दिल्लीला तातडीनं बोलता यावं म्हणून. सरकारला गरज होती, त्यानं तार ओढली. त्याची पेटी कुटीशेजारच्या कार्यालयाच्या जागेत आहे.

या घरात कोणत्या मोठ्या गोष्टी ठरल्या?

मोजक्याच सांगतो. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीमची, म्हणजे हस्तव्यवसायातून शिक्षणाची, योजना निघाली आणि हिंदुस्थानी तालीमी संघाचं काम सेवाग्रामात सुरू झालं. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड झाली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीनं वर्ध्यात, इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव केला, त्याआधीच्या चर्चा गांधीजींबरोबर झाल्या. तिथून ते मुंबईला गेले, ९ ऑगस्टला अटक झाली. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ ला आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच गेल्या. गांधीजी परतले तेव्हा सेवाग्रामातली त्या दोघांची घरं उभी होती.

बा कुटी वेगळी का?

आदी निवासात एकाच दालनात इतक्या पुरुषांमध्ये बांना अवघडल्यासारखं होई. जमनालालजींच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी त्यांच्यासाठी वेगळं लहान घर बांधून दिलं. साधेपणाच्या गोष्टी सांगताना हा तपशील वगळू नये. एका दालनात सगळ्यांनी राहायचं ही कल्पना सुंदर असली तरी तिची झळ कुणाला जास्त लागते हे घरातल्या बाईला विचारावं लागतं. आश्रमाच्या वास्तूत त्याचं उत्तर चार भिंतींच्या रूपात दिलेलं आहे.

आणि परचुरे कुटी?

परचुरे शास्त्री संस्कृतचे विद्वान होते, त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या काळी अशा माणसाला घरचेही जवळ करत नसत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं, कुटी बांधून दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करत. कुटी अगदी छोटी आहे. आवारातलं एकच घर पाहण्याइतका वेळ असेल तर हे पाहा असं मी सांगेन.

आज दिसतं ते मूळ घर आहे का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका शब्दात देऊन चालत नाही.

जागा तीच. आराखडा, उंची, खोल्यांची मांडणी तीच. पण सारवण दर काही दिवसांनी नवं असतं. भिंतीवरचा मातीचा थर पावसाळ्यानंतर पुन्हा द्यावा लागतो. कवेलं माकडं फोडतात, वारा सरकवतो, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरतात: सगळी उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली झाडून पुन्हा बसवायची. बांबू कुजला, उधई (वाळवी) लागली तर बदलावा लागतो. पावसाळ्याच्या आधी भिंतींना शिंदीच्या पानांच्या झांज्या बांधतात, म्हणजे तिरका पाऊस पानांवर झेलला जातो आणि माती कोरडी राहते. जूनमध्ये येणाऱ्या कित्येकांना ते पाहून वाटतं की घर झाकून का ठेवलंय. घराला घोंगडी पांघरल्यासारखं आहे ते.

म्हणजे यातली माती १९३६-३७ ची आहे का असं विचाराल तर बरीचशी नाही. पण मातीच्या घराचं मूळपण मातीच्या कणात शोधायचं नसतं. असं घर बांधून पूर्ण झालं असं कधी होतच नाही. मीराबहननी शेवटचा हात फिरवला त्याच्या पुढच्या आठवड्यात कुणीतरी जमीन सारवली असेल, पुढच्या वर्षी कवेलू फेरले असतील. गांधीजी राहत होते तेव्हाही हेच चाललं होतं. आज जो माणूस कवेलू फेरतो किंवा जी बाई सारवते ती त्याच घराचं त्याच पद्धतीनं काम करते. माझ्या मते या घरात जपलेली सर्वांत जुनी वस्तू कुठली असेल तर ती ही कामाची रीत आहे. ती थांबली आणि घर काचेत बंद करून ठेवलं, तर दोन पावसाळ्यांत काचेच्या आत मातीचा ढीग उरेल.

मग एकदाचा सिमेंटचा गिलावा करून का टाकत नाहीत?

कारण त्यानं घर मरेल. माती जमिनीतलं आणि हवेतलं पाणी शोषते आणि उन्हात सोडते. वरून सिमेंट लावलं की पाणी आत अडकतं. बाहेरून भिंत घट्ट आणि कोरडी दिसते, आत माती भुसभुशीत होत जाते आणि एका पावसाळ्यात सिमेंटची खपली भिंतीचं अंग घेऊनच खाली येते. शिवाय ऊन लागल्यावर माती आणि सिमेंट सारख्या प्रमाणात प्रसरत नाहीत, म्हणून दोघांच्या मध्ये फट पडतेच. विदर्भातल्या कित्येक जुन्या वाड्यांचा आणि घरांचा नाश पावसानं केला नसेल इतका या चांगल्या हेतूनं केलेल्या गिलाव्यानं केला आहे. तुमच्या गावच्या घराला कुणी हा सल्ला देत असेल तर ऐकू नका. माती-शेण-कुटार किंवा चुना, एवढंच त्या भिंतीला मानवतं.

उधईचं काय करतात?

लाकूड-बांबू जमिनीला थेट टेकू न देणं हा पहिला उपाय, म्हणून खांबाखाली दगड. दुसरा, रोजचा वावर. बंद पडलेल्या अंधाऱ्या घराला उधई जेवढी लागते तेवढी रोज झाडलोट होणाऱ्या घराला लागत नाही. सारवताना मातीची बारीक नळी भिंतीवर चढताना दिसली की तिथेच खरवडायची. बांबू कधी तोडला यालाही महत्त्व आहे. पावसाळ्यात तोडलेला कोवळा बांबू किडतो, म्हणून पावसाळा सरल्यावर पिकलेला तोडायचा असं बुरूड सांगतात.

असं काम करणारी माणसं अजून मिळतात का?

मिळतात, पण कमी होत आहेत आणि ही काळजीची गोष्ट आहे. गावठी कवेलू करणारे कुंभार आता मोजके. गिऱ्हाईकच नाही, तर भट्टी कशासाठी लावायची? कूड विणणारा आणि भिंत छाबणारा माणूस म्हातारा झालाय आणि त्याचा मुलगा स्लॅबच्या सेंट्रिंगवर जातो, कारण मजुरी तिथे आहे. सरकारी भाषेत मातीची भिंत आणि कवेलूचं छप्पर म्हणजे कच्चं घर. घरकुल मिळालं की ते पाडलं जातं. ज्यांचं घर दर पावसाळ्यात गळतं त्यांनी पक्कं घर मागू नये असं म्हणण्याचा अधिकार मला नाही. सारवणाचं काम बहुतेक वेळा बाईच्याच अंगावर पडतं हेही विसरता येत नाही. पण चांगलं बांधलेलं, जाड भिंतीचं, ओसरीचं घरही याच शब्दाखाली पाडलं जातं, तेव्हा हळहळ वाटते.

आज मला मातीचं घर बांधायचं आहे. कुटीवरून काय शिकता येईल?

जोतं उंच घ्या आणि दगडाचं करा. वळचण भरपूर बाहेर काढा. भार खांबांवर ठेवा. न्हाणीघर आणि स्वयंपाकाचं ओलं काम असलेल्या भागात मातीचा हट्ट धरू नका. माकडांचा त्रास असलेल्या गावात गावठी कवेलू दरवर्षी फेरण्याची तयारी ठेवा, नाहीतर इंग्रजी कवेलू वापरा. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं मातीच्या घरांवर बरंच काम केलं आहे. त्यांची एक युक्ती पाहण्यासारखी आहे: कुंभाराकडून भाजून घेतलेल्या निमुळत्या नळ्या एकात एक खोवून कमान करायची आणि त्या कमानींचं छप्पर घालायचं. लाकूड आणि लोखंड दोन्ही वाचतं आणि कुंभाराला काम मिळतं. मला ती कुटीचीच पुढची पायरी वाटते. कुटीची हुबेहूब नक्कल मात्र करू नका. फार्महाऊसवर शोभेसाठी बांधलेल्या आणि वर्षभर कुलपात असलेल्या मातीच्या खोल्या पाहिल्या आहेत, त्या टिकत नाहीत.

कसं यायचं, आणि केव्हा?

नागपूरहून रस्त्यानं साधारण ७५ किलोमीटर. रेल्वेनं वर्धा किंवा सेवाग्राम स्थानकावर उतरा, तिथून ऑटो मिळतो. घर समजून घ्यायचं असेल तर मे महिन्यातली दुपार किंवा जुलैतला पाऊस निवडा. हिवाळा सुखाचा, पण तेव्हा सगळीच घरं चांगली वाटतात. आश्रमात पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना होते, ती मोकळ्या जागेत, गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळ. संध्याकाळची गाठता आली तर पाहा.

चपला बाहेर काढाव्या लागतात. भिंतीला टेकू नका, कोपरे हातानं चाचपू नका, मुलांना उठावाच्या चित्रांवर बोट फिरवू देऊ नका. रोज शेकडो हात लागले की माती झिजते.

आसपास आणखी काय जोडून पाहता येईल?

मगनवाडीतलं मगन संग्रहालय, ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनीच उघडलेलं. ग्रामोद्योगांची अवजारं तिथे नीट मांडली आहेत, कुटी पाहिल्यावर ती जास्त समजतात. धाम नदीच्या काठावर पवनारला विनोबांचा आश्रम. आणि वेळ असेल तर परतताना हमरस्ता सोडून सेवाग्रामच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात थांबा. कवेलूचं एखादं जुनं घर अजून नक्की दिसेल. घरच्यांची परवानगी घेऊन ओसरीवर बसा, छप्पर किती खाली आलंय ते पाहा आणि कवेलू कधी फेरले ते विचारा. त्या घरच्या आजी तुम्हाला या सगळ्यापेक्षा जास्त सांगतील.